मोटारीतला वाटाड्या : पैसे मोजून घ्यावा का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



वर्धापनदिनाला बोलण्याचा मान आजवर शिकल्यासवरल्या बायकांना मिळत आला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा चिटणीसबाई घरी आल्या त्या वेळी मी त्यांना सरळ सांगितले की, बाई, मला पाककृती विचारा, भाषण नको. पण त्या ऐकेनात. म्हणाल्या, "गेले चार महिने तुम्ही मोटारीच्या दुकानांचे उंबरे झिजवता आहात. तिथे जे पाहिले तेच सांगा. आपल्यातल्या कितीतरी घरी यंदा मोटार यायची आहे." हे मात्र खरे. भिशीच्या दिवशी पूर्वी सोन्याचा भाव निघे, आता मोटारीचे हप्ते निघतात. आणि हप्त्यांपाठोपाठ हमखास निघणारा प्रश्न म्हणजे, ते रस्ता दाखवणारे यंत्र मोटारीतच बसवलेले असावे का? त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे. मोटार कोणती घ्यावी हे मला विचारू नका, त्यावर आमच्या घरातच अजून एकमत नाही.

त्या यंत्राला इंग्रजीत नेव्हिगेशन म्हणतात. मी आपला वाटाड्या म्हणते. पूर्वी जंगलातून जाताना गावचा एक माणूस पुढे चालायचा, त्याला आपण वाटाड्या म्हणत आलो. हा तसाच, फक्त पडद्यावर बसून बोलतो.

आधी आमच्या घरचा हिशेब सांगते, म्हणजे मी एवढी खोलात का शिरले ते कळेल. आम्ही पाहिली ती मोटार पेट्रोलची. तिच्या मधल्या मॉडेलची किंमत नऊ लाख साठ हजार, वरच्या मॉडेलची दहा लाख ऐंशी हजार. वाटाड्या फक्त वरच्या मॉडेलात. तेवढाच वेगळा द्या म्हटले तर मिळत नाही. त्याच्याबरोबर टपाला काचेची खिडकी घ्यावी लागते, चकचकीत चाके घ्यावी लागतात, आतले रंगीत दिवे घ्यावे लागतात. म्हणजे किलोभर साखर हवी असेल तर काजूबदामही घ्याच, असे सांगणारा वाणी झाला. बरे, फरक एक लाख वीस हजारांवर थांबत नाही. आपल्या राज्यात स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला दहा लाखांपर्यंत शेकडा ११ आणि त्यापुढच्या टप्प्याला शेकडा १२ असा कर लागतो. मधल्या मॉडेलला सुमारे एक लाख साडेपाच हजार, वरच्याला सुमारे एक लाख साडेएकोणतीस हजार. हे चोवीस हजार आणखी. विम्याचा हप्ता वाढतो तो निराळा आणि कर्जावरचे व्याज निराळे. मी वहीत बेरीज मांडली ती एक लाख चव्वेचाळीस हजारांवर गेली, व्याज न धरता.

आता आमच्या कन्येला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला घालायचे आहे. त्या पैशाच्या ताटाशेजारीच हे ताट मांडलेले. ह्यांचे म्हणणे असे की, आयुष्यात एकदाच नवी मोटार घेतो आहोत तर अर्धवट कशाला? चिरंजीवांचे म्हणणे वडिलांच्या दोन पावले पुढे. मी एवढेच म्हटले, की ज्या वस्तूसाठी एवढे पैसे द्यायचे ती काय काम करते ते मला समजले पाहिजे. पटले तर मी आडवी येणार नाही.

मग मी विचारत सुटले. दुकानातल्या मुलांना विचारले, दिरांना विचारले, आळीतल्या टॅक्सी चालवणाऱ्या भाऊंना विचारले, आणि कन्येकडून वाचून घेतले. त्यातून मला जे उमजले ते असे, की वाटाड्या ही एक वस्तू नाहीच. तीन वेगवेगळी कामे एका पडद्यावर एकत्र दिसतात, म्हणून आपला घोटाळा होतो.

पहिले काम म्हणजे "मी आत्ता कुठे आहे" हे ओळखणे. हे काम आकाशातल्या उपग्रहांच्या जिवावर चालते. अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी हे उपग्रह सोडले, त्यांनाच जीपीएस म्हणतात. १९९५ साली ती सगळी व्यवस्था पुरी झाली. जमिनीपासून सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून ते फिरत असतात. पुष्कळांना वाटते की उपग्रह आपल्या मोटारीकडे पाहत असतो. तसे अजिबात नाही. त्याला आपण माहीतही नसतो. तो नुसता "आत्ता इतके वाजले, मी इथे आहे" असे पुकारत राहतो. ती हाक आपल्यापर्यंत यायला जो किंचितसा वेळ लागतो त्यावरून आपले यंत्र अंतर काढते, आणि अशा चार उपग्रहांच्या हाका मिळाल्या की आपली जागा ठरते. देवळाची घंटा आणि गिरणीचा भोंगा ऐकून आंधळ्या म्हातारीने आपण कुठे उभ्या आहोत ते ओळखावे, तसाच हा प्रकार. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य लोकांना मिळणारी ही खूण अमेरिका मुद्दाम थोडी अंधुक ठेवीत असे, मग ती अंधुकता काढून टाकली. आता आपल्या इस्रोचीही 'नाविक' नावाची व्यवस्था आहे. सांगायचे ते हे, की या हाका ऐकायला पैसा पडत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. आणि त्या आपल्या मोबाइललाही ऐकू येतात.

दुसरे काम नकाशाचे. आपण कुठे आहोत हे कळले तरी रस्ता कुठे आहे हे कोणीतरी काढून ठेवलेले असले पाहिजे. हा नकाशा माणसांनी तयार केलेला असतो, आणि तो जुना होतो. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

तिसरे काम पुढच्या गर्दीची बातमी देण्याचे. पडद्यावर रस्ता लाल दिसतो तो कोणी वरून पाहून रंगवत नाही. आपल्यापुढे गेलेल्या लोकांच्या खिशातले मोबाइल किती सावकाश सरकताहेत त्यावरून ते कळते. याला मात्र इंटरनेट लागतेच. मोटारीत स्वतःचे सिमकार्ड असेल, नाहीतर तिला मोबाइल जोडलेला असेल, तरच ही बातमी मिळणार.

ही तीन कामे वेगळी केली तेव्हा माझ्या डोक्यातला गुंता सुटला. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, याला इंटरनेट लागतच नाही!" की मी विचारायची, "म्हणजे पुढची गर्दी याला कळत नाही ना?" मग तो कॉफी मागवायचा.

हे यंत्र काही काल-परवाचे नव्हे. जपानात १९८१ साली होंडा कंपनीने मोटारीत असा वाटाड्या बसवला होता. तेव्हा हे उपग्रह सामान्यांच्या उपयोगाचे नव्हते. मोटार किती चालली आणि किती वळली एवढे मोजून पुढचा अंदाज करायचा, आणि नकाशा पारदर्शक कागदावर छापलेला, तो हाताने बदलायचा. १९८५ साली अमेरिकेत एटॅक नावाच्या कंपनीने कॅसेटवर नकाशा भरून विकला. आपण गाण्यांच्या ऐकायचो तशाच कॅसेटी. शहर ओलांडले की कॅसेट बदला! पुढे १९९० साली जपानातच माझदा कंपनीच्या मोटारीत उपग्रहावर चालणारा वाटाड्या आला. आपल्याकडील पुष्कळ मोटारींत जो नकाशा असतो तो मॅपमायइंडिया या दिल्लीकडच्या कंपनीचा. ती १९९५ साली एका पतिपत्नींनी मिळून उभी केली. त्यांतल्या पत्नीचे नाव रश्मी वर्मा. हे मी मुद्दाम सांगते, कारण बायकांना रस्ते कळत नाहीत असे आपल्या घरोघरी म्हटले जाते.

असो. आता नकाशा जुना होतो म्हणजे काय होते ते सांगते.

आमच्या धाकट्या दिरांची मोटार २०१८ सालची. तिच्यात बसवलेला वाटाड्या आहे आणि त्याचा नकाशा एका छोट्या कार्डावर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत नागपूरला लग्नाला निघालो. नाशिकहून निघून सिन्नरच्या पुढे समृद्धी महामार्गावर चढलो. आपणांस ठाऊकच आहे, या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि तिथून इकडचा भाग त्यानंतर. २०१८ च्या कार्डाला हा रस्ता कसा माहीत असणार? पडद्यावर आमची मोटार हिरव्या मैदानातून चाललेली. रस्ता नाही, काही नाही. शेतातून, नाल्यातून, कोणाच्या तरी विहिरीवरून आम्ही ताशी शंभराच्या वेगाने चाललो आहोत, आणि आतली बाई दर दोन मिनिटांनी गोड आवाजात सांगते आहे, "शक्य होताच गाडी मागे वळवा." मुले हसून हसून लोळत होती. पण मला हसू आले नाही. ज्या रस्त्यावर मोटारी ताशी १२० पर्यंत धावतात, तिथे एखाद्या नवख्या मुलाने घाबरून खरोखरच गाडी वळवायचा विचार केला तर? अखेर जाऊबाईंनी तिचा आवाज बंद केला आणि मोबाइल काढला. मोबाइलवर समृद्धी महामार्ग नीट दिसत होता, पुढचे पेट्रोलपंपसुद्धा.

त्याच दिरांना मागे तुळजापूरला जाताना धाराशिव सापडेना. २०२३ मध्ये नाव बदलले, कार्डात जुनेच नाव. छत्रपती संभाजीनगरचे तेच, २०२४ नंतर अहिल्यानगरचेही तेच. जुनी नावे ज्यांच्या तोंडात आहेत त्यांचे निभते, पण आपल्या नातवंडांना काही वर्षांनी ती नावे ठाऊकही नसतील. दिरांनी नकाशा नवा करून घ्यायचे ठरवले. तर मोटारीच्या सर्व्हिसिंगच्या ठिकाणी कार्डाची किंमत अशी सांगितली की वन्सं म्हणाल्या, तेवढ्यात नवा मोबाइल येईल. शिवाय कार्ड यायला तीन आठवडे. अजून ते जुनेच कार्ड आहे. एवढे पैसे घालून घेतलेल्या त्या पडद्यावर आता फक्त गाणी लागतात.

म्हणून मी म्हणते की नकाशा हा गव्हासारखा वर्षाचा भरून ठेवायचा जिन्नस नव्हे, तो दुधासारखा आहे. मोटार आपण दहा-बारा वर्षे वापरतो. दहा वर्षांत रस्ते किती बदलतात ते आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. मोटारीत बसवलेला वाटाड्या घ्यायचा असेल तर पहिला प्रश्न, याचा नकाशा नवा कोण करणार, किती दिवसांनी, आणि कोणाच्या पैशाने? नव्या मोटारींत सिमकार्ड आतच असते आणि नकाशा आपोआप ताजा होतो, हे मी नाकारत नाही. सोय चांगली आहे. पण ही सोय बहुधा पहिली काही वर्षे फुकट असते, पुढे दरसाल वर्गणी भरावी लागते. आम्ही ज्या दुकानात गेलो तिथे तीन वर्षांनंतरची वर्गणी किती, हे लिहून द्या म्हटले. तोंडाने तिघांनी तीन आकडे सांगितले, लिहून एकानेही दिला नाही.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे अन्यायाचे होईल, कारण मोटारीतल्या वाटाड्याचे काही गुण मोबाइलला येत नाहीत.

मोटारीतल्या यंत्राला चाके किती फिरली ते कळते, आणि मोटार किती वळली हे सांगणारे साधनही बहुधा आत असते. म्हणून उपग्रहाची हाक तुटली तरी ते पुढचा अंदाज चालू ठेवते. १९८१ च्या त्या जपानी यंत्राचीच ही विद्या. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यात कसारा घाटाखालून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्या बोगद्यात आमच्या मोबाइलवरचा बाण जागीच थांबला. नव्या मोटारीतला वाटाड्या असता तर तो चालत राहिला असता. अर्थात बोगद्यात वळायला जागाच नाही, तेव्हा आमचे काही अडले नाही. पण मुंबईसारख्या ठिकाणी एकावर एक पूल असतात आणि बोगद्यातून बाहेर पडताच फाटे फुटतात, तिथे हा गुण उपयोगी पडतो.

वर-खालचा घोळ आपल्या नाशिकलाही आहे. द्वारकेला उड्डाणपुलावर आपण आहोत की खालच्या रस्त्यावर, हे मोबाइलला पुष्कळदा कळत नाही. आपण खाली, तो वरचे सांगतो. आपण इथल्याच, म्हणून त्याचे ऐकत नाही. बाहेरचा माणूस मात्र चौकाच्या मधोमध थांबून बघत बसतो आणि मागून भोंग्यांचा गजर सुरू होतो.

मोटारीतल्या पडद्यावर फोन वाजून नकाशा झाकला जात नाही. टॅक्सीवाले भाऊ म्हणाले, उन्हाळ्यात काचेजवळ लावलेला मोबाइल इतका तापतो की त्याचा उजेड आपोआप मंद होतो, आणि नेमके वळण यावे तेव्हाच दिसेनासे होते. दिवसभर मोटार चालवून पोट भरणाऱ्या माणसाला बसवलेला वाटाड्या परवडेल, असे माझेही मत झाले. विजेवर चालणारी मोटार घेणार असाल तर गोष्ट आणखीच वेगळी. बॅटरीत किती वीज उरली आहे हे त्या मोटारीच्या वाटाड्याला आतून कळते, आणि वाटेत चार्जिंग कुठे करायचे हे तो त्या हिशेबाने सांगू शकतो. नुसत्या मोबाइलला हे तितकेसे जमत नाही. आपल्या मंडळातल्या दोघीजणी विजेची मोटार पाहताहेत. त्यांनी माझ्या भाषणावरून वाटाड्या नाकारू नये.

आणि रेंजचा प्रश्न. माझे माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्या बाजूला. घोटी सोडून बारी, शेंडी, भंडारदऱ्यावरून जायचे म्हणजे रेंज येते-जाते. पूर्वी तिथे मोबाइलवरचा नकाशा कोरा पडायचा, नुसता निळा ठिपका दिसायचा. ठिपका कसा दिसतो, तर उपग्रहाची हाक येतच असते. नसतो तो नकाशा. यावर उपाय आमच्या कन्येने केला. घरी वायफायवर असतानाच त्या सबंध भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवायचा. मग रेंज नसली तरी रस्ता दिसतो, वळणे सांगितली जातात, फक्त गर्दीची बातमी मिळत नाही. भंडारदऱ्याला गर्दी कसली म्हणा, काजव्यांचे दिवस सोडले तर! या कामाला एक पैसा पडला नाही. दुकानात "डोंगरात गेल्यावर काय कराल काकू?" असे घाबरवतात, त्याचे हे उत्तर.

आता जे सांगायचे आहे त्यासाठी मला माहेरचाच दाखला द्यावा लागतो. २०२१ च्या जानेवारीत आमच्या तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी एक मोटार पाण्यात गेली. पुण्याहून कळसूबाईला निघालेली माणसे. मोबाइलचा नकाशा पाहत चालली होती. नकाशाने जवळचा रस्ता दाखवला. त्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. आमच्या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असते की धरण भरले की त्या पुलावरून जायचे नसते. आकाशातल्या उपग्रहांना मात्र ते ठाऊक नसते. रात्र होती, रस्त्यावर विचारायला माणूस नव्हते. माझा भाऊ आजही ती गोष्ट निघाली की बोलायचा थांबतो.

हे एकदाच झालेले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीकडे रामगंगा नदीवरच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला, नकाशात पूल शाबूत. २०२५ च्या जुलैत बेलापूरला एक बाई रात्री एकट्या मोटार चालवीत होत्या. पुलावरून जायचे ते पुलाखालच्या रस्त्याने गेल्या आणि मोटार थेट खाडीत. तिथल्या सागरी पोलिसांनी पाहिले म्हणून त्या वाचल्या.

हे तिन्ही प्रसंग ऐकून आमचे चिरंजीव म्हणाले, "बघ, हे मोबाइलचे नकाशे. म्हणून मोटारीतला वाटाड्या घेऊ." मी त्याला विचारले, मोटारीतल्या वाटाड्याला कोतूळच्या पुलावरचे पाणी दिसले असते का रे? त्याला उत्तर देता आले नाही. महाग वाटाड्याही तोच नकाशा वाचतो, कधी त्याहून जुना वाचतो. पाणी त्याला दिसत नाही. दगडांचा ढीग, फांदी आडवी टाकून बंद केलेला रस्ता, यांतले काही दिसत नाही. या बाबतीत एक लाख चव्वेचाळीस हजार देऊन जास्तीची सुरक्षितता विकत मिळते, हे मला कोणी पटवून देऊ शकले नाही. बाकी सोयींचे काय ते बोला, पण हा मुद्दा दुकानदाराने पुढे करू नये.

इथे मला बायकांविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर बहुधा आपण बसतो. आजवर तिथे आपण काय केले? संत्री सोलून दिली, मुलांना उलटी आली तर पिशवी धरली. पत्ता विचारायची वेळ आली तर ते आपल्याला काच खाली करायला सांगतात, कारण पुरुषांना रस्ता विचारणे म्हणजे मिशी उतरवल्यासारखे वाटते. आता मोबाइलवरचा नकाशा हाती धरायचे काम त्या जागेचेच आहे. चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहत बसू नये. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमच असा आहे की चालवताना मोबाइल वापरायचा तो फक्त रस्ता पाहण्यापुरता, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. शेजारी बसलेल्या बाईने पुढचे वळण आधी सांगावे, आणि नकाशा अरुंद रस्त्याला, नदीकाठाला, अंधाऱ्या घाटाला न्यायला लागला की "थांबा, विचारू" म्हणावे. याला इंग्रजी यावे लागत नाही. मोबाइलच्या नकाशावर गावांची नावे मराठीतही येतात, आणि सातवी झालेल्या बाईला ती वाचता येतात. मी आमच्या घरी हे काम घेतले आहे. हे सुरुवातीला कुरकुरले. आता घाट लागला की स्वतःच विचारतात, "पुढे काय आहे गं?"

ज्या भगिनी स्वतः मोटार चालवतात आणि शेजारी कोणी नसते, त्यांनी निघण्यापूर्वी घरीच पूर्ण रस्ता एकदा बोटाने सरकवून पाहावा. मोठा रस्ता सोडून कुठे आत शिरायला सांगितले आहे का, तेवढे बघावे. पाच-दहा मिनिटे वाचतात म्हणून अनोळखी आडरस्त्याला रात्री जाऊ नये. आवाज मात्र चालू ठेवावा, म्हणजे पाहावे लागत नाही.

शेवटी आमच्या घरी काय ठरले ते सांगते. मधले मॉडेल घेतले. त्याला पडदा आहेच. मोबाइल जोडला की मोबाइलमधलाच नकाशा त्या मोठ्या पडद्यावर उमटतो. या सोयीला अँड्रॉइड ऑटो आणि ॲपलच्या फोनसाठी कारप्ले म्हणतात. पहिली २०१५ मध्ये आणि दुसरी २०१४ मध्ये निघाली, आणि आता दोन्ही मधल्या मोटारींतही असतात. वाटाड्या नसला तरी हा पडदा असलेली मोटार घ्या, एवढे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यामुळे मोबाइल काचेला टांगावा लागत नाही आणि नकाशा तुमच्या मोबाइलइतका ताजा राहतो. दुकानात आपलाच मोबाइल जोडून पाहा, त्यांचा नको. वायर घालून चालतो की वायरीशिवाय, ते विचारा. आणि बसवलेला वाटाड्या घ्यायचाच असेल तर एवढे करा, त्याच्यावर आमणे ते नागपूर असा रस्ता विचारा. समृद्धीने नेले तर नकाशा ताजा. जुन्या रस्त्याने फिरवले तर दुकानातून बाहेर पडा. जुनी मोटार विकणार असलात तर तिच्या यंत्रात भरलेला घरचा पत्ता आणि फोननंबर आधी पुसून टाका. आमच्या आळीतल्या एका घरी विकत आणलेल्या जुन्या मोटारीत आधीच्या मालकाच्या घराचा रस्ता अजून निघतो, बायकोच्या माहेरासकट!

चकचकीत चाके न मिळाल्याने चिरंजीव आठ दिवस रुसले होते. कन्येच्या पहिल्या वर्षाची फी भरली आहे, पावती कपाटात आहे.

आता एक सूचना. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत कन्या येणार आहे. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून कसा ठेवायचा ते ती प्रत्येकीला हातात धरून शिकवील. मोबाइल चार्ज करून आणावा आणि त्यात थोडी जागा मोकळी करून ठेवावी. सुप्रभाताचे निरोप पुसून टाकलेत तर पुरेल. माहेरचा रस्ता पहिल्यांदा उतरवून घ्या.